बाजार उभा राहिला, श्रेणी राहून गेली

१९९९च्या एप्रिल महिन्यात ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर सोळा माणसं बोलीला आली. जुनी नाणी, बाहुल्या, बेसबॉलची कार्डं यांच्या रांगेत ही नोंद होती. एका मोठ्या इंटरनेट कंपनीतल्या सोळा जणांच्या चमूने स्वतःलाच लिलावात उभं केलं होतं. आम्हा सगळ्यांना एकत्र कामावर घ्या, वर्षाची बोली ३१ लाख ४० हजार डॉलरपासून सुरू, अशी त्यांची अट. सौदा झाला नाही, पण गाजावाजा मोठा झाला. त्याच वर्षी ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मॉन्स्टर डॉट कॉम या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने ‘टॅलेंट मार्केट’ नावाचा विभाग उघडला. तिथे माणसाने आपली माहिती ठेवायची आणि कंपन्यांनी त्याच्यासाठी एकमेकींवर चढी बोली लावायची.

आज हे वाचताना सगळ्यांत जास्त नवल वाटतं ते बोलीच्या दिशेचं. माणूस एक, गिऱ्हाइकं अनेक आणि दर चढता. संगणकांमधला सन २०००च्या तारखांचा घोळ निस्तरायचा होता, डॉट कॉमचं वारं सुटलं होतं, कोड लिहिणारा माणूस कुणाच्या हाती लागत नव्हता. मार्च २०००नंतर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराचा फुगा फुटला, नोकऱ्या गेल्या आणि पारडं फिरलं. त्यानंतर जो बाजार टिकला आणि वाढला, त्यात काम एक, माणसं अनेक आणि दर उतरता. इंटरनेटवर बोली लावून काम मिळवण्याच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी उलथापालथ. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही, कारण ज्यांनी ही उतरती बोली लावली ते एकमेकांपासून हजारो मैलांवर, आपापल्या खोलीत बसलेले होते.

या बाजाराची कल्पना एका लेखापर्यंत मागे नेता येते. १९९८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एमआयटीचे थॉमस मेलोन आणि रॉबर्ट लाउबाकर यांनी ‘द डॉन ऑफ द ई-लान्स इकॉनॉमी’ हा लेख लिहिला. मोठी कंपनी मुळात का लागते, हा त्यांचा प्रश्न. माणसं शोधणं, त्यांच्याशी बोलणं, एकाच्या कामाला दुसऱ्याच्या कामाची सांगड घालणं महाग पडतं, म्हणून सगळे एका छताखाली येतात. इंटरनेटमुळे तो खर्च उतरला, तर एकेकटी माणसं एका कामापुरती एकत्र येतील आणि काम संपलं की पांगतील. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्सची सुरुवात करून जगभरच्या अनोळखी प्रोग्रामरांच्या हातभाराने ती वाढवली, हे त्यांचं पहिलं उदाहरण. दुसरं इटलीतल्या प्रातो गावचं. तिथे मासिमो मेनिकेत्ती नावाच्या गिरणीमालकाने १९७०च्या दशकात डबघाईला आलेली आपली गिरणी तोडून तिच्या आठ छोट्या कंपन्या केल्या आणि त्यांत कामगारांना हिस्सा दिला. आसपासच्या गिरण्यांनी तोच कित्ता गिरवला आणि प्रातोचं कापड पुन्हा चालायला लागलं.

लेख छापून आला त्याच सुमाराला न्यू यॉर्कजवळच्या जर्सी सिटीत दोन खोल्यांच्या एका घरात एक कंपनी जन्माला येत होती. बीरुद शेठ हे तिच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईच्या आयआयटीतून कॉम्प्युटर सायन्स शिकून ते एमआयटीच्या मीडिया लॅबला गेले आणि पुढे वॉल स्ट्रीटवर नोकरी करत होते. श्रीनी अनुमोलू आणि संजय नोरोन्हा हे त्यांचे जोडीदार. कंपनीचं नाव त्यांनी त्या लेखावरूनच घेतलं: ईलान्स. डिसेंबर १९९९मध्ये २२ जणांचं हे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात सनीव्हेलला हललं. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलाने अमेरिकेत जो बाजार मांडला, त्याच बाजारात दहा वर्षांनी पवईपासून परभणीपर्यंतची मुलं बोली लावत होती. 

मेलोन आणि लाउबाकर यांच्या विचाराला दुसरी बाजूही होती, आणि ती आज जवळपास कुणाला आठवत नाही. त्याच काळातल्या वेगळ्या लेखनात या दोघांनी विचारलं होतं की कंपनी नसेल तर माणसाचा आजारपणाचा विमा कोण काढणार, म्हातारपणाची तजवीज कोण करणार, त्याला नवं कसब कोण शिकवणार आणि चार माणसांत तो कुणाचा म्हणून ओळखला जाणार? त्यांचं उत्तर होतं, नव्या काळातल्या व्यावसायिक संघांनी. मध्ययुगीन युरोपातले कारागिरांचे गिल्ड आणि हॉलिवूडमधली अभिनेत्यांची संघटना हे त्यांच्या डोळ्यांसमोरचे नमुने होते. मोकळा बाजार आणि त्यातल्या माणसांची मजबूत संघटना ही दोन चाकं त्यांनी एकत्र कल्पिली होती.

मराठी वाचकाला त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवली, आणि ती ठेवली कुठे, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. राजघराण्यातल्या माणसाने आपला पैसा विणकरांच्या संघटनेवर विश्वासून ठेवावा, इतकी त्या संघटनेची पत होती. पत एकट्या विणकराची नव्हती, श्रेणीची होती. इंटरनेटवरच्या कामाच्या बाजारात नेमकी हीच गोष्ट उलटी झाली.

ईलान्स एकटी नव्हती. इंदर गुगलानी यांनी १९९८मध्ये पिट्सबर्गला ईमूनलाइटर सुरू केलं होतं. नोकरी सांभाळून रात्री जोडधंदा करणाऱ्यांसाठीची ही जागा. सॅन फ्रान्सिस्कोतली गुरू डॉट कॉम नावाची एक वेगळी कंपनी डॉट कॉमच्या पडझडीनंतर विकली गेली, तेव्हा २००३मध्ये गुगलानींनी तिचं नाव विकत घेतलं आणि ईमूनलाइटरचं गुरू झालं. २००१मध्ये फ्लोरिडात इयान इप्पोलिटो यांनी रेंट-अ-कोडर काढलं. नावातच सगळं आलं. २००४मध्ये स्वीडनमध्ये गेटअफ्रीलान्सर आलं. ईलान्सने मधली काही वर्षं मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकण्यात घालवली, २००६मध्ये तो भाग विकून टाकला आणि ती पुन्हा खुल्या बाजाराकडे वळली.

ऑस्ट्रेलियातला मॅट बॅरी हा उद्योजक आपली गोष्ट नेहमी सांगत आला आहे. त्याला एका कामासाठी कंटाळवाणी माहिती टाइप करून हवी होती. ओळखीतल्या मुलांना त्याने बरे पैसे देऊ केले, पण कुणी ते काम तडीस नेईना. शेवटी त्याने ते गेटअफ्रीलान्सरवर टाकलं. थोड्याच वेळात बोल्यांचा पाऊस पडला आणि व्हिएतनाममधल्या एका गटाने त्याच्या अंदाजाच्या कितीतरी कमी पैशांत काम करून दिलं. बॅरीने २००९मध्ये ते संकेतस्थळच विकत घेतलं आणि सिडनीतून फ्रीलान्सर डॉट कॉम सुरू केलं. २०१२मध्ये रेंट-अ-कोडरही त्याच्याकडे आलं. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात उतरली. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर ही गोष्ट सुखद आहे. व्हिएतनाममधल्या त्या गटाने ती कशी सांगितली असती, याची नोंद कुठेच नाही.

मुंबईच्या नाक्यांवर सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. मुकादम येतो, माणसं निवडतो, घासाघीस होते. बोलीची संकेतस्थळं म्हणजे जगभर पसरलेला असाच एक नाका. पण नाक्यावर उभ्या माणसाला शेजारचा दिसतो. आज बिगाऱ्याचा भाव काय चालला आहे हे त्याला ठाऊक असतं, त्याखाली कुणी गेलं तर बाकीचे त्याला सुनावतात, आणि पैसे बुडवणारा मुकादम दुसऱ्या दिवशी ओळखला जातो. संकेतस्थळावर यातलं काहीच नव्हतं. ढाक्यातल्या मुलाने अर्ध्या दरात लोगो करून दिला तर कोल्हापूरच्या मुलाने त्याच्याशी बोलायचं कुठे?

नाक्याचा शिरस्ता गेला, त्याच्या जागी आलं रेटिंग. काम झालं की गिऱ्हाइकाने तारे द्यायचे, चार ओळी लिहायच्या, आणि ते कायमचे प्रोफाइलला चिकटायचे. ज्याच्याकडे तारे, त्याला काम. ज्याच्याकडे काम, त्याला तारे. नव्या माणसाने आत शिरायचं कसं? हार्वर्डच्या अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी याचा प्रयोगच केला. ओडेस्क या संकेतस्थळावर त्यांनी ९५२ जणांना कुठलीही पारख न करता दहा-दहा तासांचं डेटा एंट्रीचं काम दिलं आणि त्यांच्या कामावर अभिप्राय नोंदवले. काम न मिळालेल्या तशाच माणसांशी मग त्यांची तुलना केली. ज्यांना आधीचा काहीच अनुभव नव्हता, त्यांची पुढच्या दोन महिन्यांतली कमाई या एका छोट्या कामामुळे जवळजवळ तिप्पट झाली. माणसं तीच, कसब तेच. फरक पहिल्या अभिप्रायाचा. २०१४मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, पण बोली लावणाऱ्या प्रत्येकाला तो निष्कर्ष आधीच अंगवळणी पडलेला होता. म्हणूनच तर पहिलं काम पदरात पाडून घेण्यासाठी माणसं फुकटाच्या भावात राबत होती.

ओडेस्कची कथा वेगळी आणि थोडी चटका लावणारी आहे. ओडिसियास त्सातालोस आणि स्ट्रातिस कारामानलाकिस हे दोन ग्रीक मित्र. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये. दोघांना एकत्र काम करायचं होतं, पण इतक्या लांबच्या माणसाला तासाप्रमाणे पैसे द्यायला मालक तयार कसा होणार? २००३मध्ये त्यांनी त्यावर तोड काढली ती एका प्रोग्रामची. काम करणाऱ्याच्या संगणकावर तो चालू राहतो, साधारण दर दहा मिनिटांनी पडद्याचं छायाचित्र काढतो, कीबोर्ड आणि माउस किती हलले ते मोजतो आणि सगळं गिऱ्हाइकासमोर ठेवतो. दोन मित्रांमधलं अंतर मिटवायला निघालेली ही युक्ती लाखो अनोळखी माणसांवरची नजर बनली. तिच्यामुळे तासाच्या कामाचे पैसे खात्रीने मिळू लागले, हेही तितकंच खरं. ठरावीक रकमेच्या कामात बुडवाबुडवी सोसलेल्या अनेकांना ही नजर परवडली.

आता महाराष्ट्रात यावं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. चित्रं दिसणारी जोडणी हवी तर २५० तासांना १५ हजार रुपये, विद्यार्थ्यांसाठी नुसत्या मजकुराची जोडणी वर्षाला ५०० रुपयांत. १९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि सायबर कॅफे गल्लोगल्ली आले. ईलान्सवरच्या पहिल्या पिढीतल्या अनेक बोल्या अशा कॅफेत, तासाचे पैसे मोजत लावल्या गेल्या. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५मध्ये आलं तेव्हा हा खेळ घरात आला. पण तेव्हाच राज्यात भारनियमनाने कळस गाठला होता. ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास वीज नसायची. न्यू यॉर्कच्या सकाळी भारतात संध्याकाळ झालेली असते, कॅलिफोर्नियाच्या दुपारी मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे गिऱ्हाईक जागं असतं तेव्हा बोली लावायची, ती झोपायची वेळ. इन्व्हर्टर ही या धंद्यातली पहिली गुंतवणूक होती, संगणकाच्याही बरोबरीची.

या बाजारात मराठी भाषेलाही किंमत आली, हे सहसा सांगितलं जात नाही. हेन्री डॉटरर यांनी १९९९मध्ये अमेरिकेत प्रोझ डॉट कॉम काढलं. ही फक्त अनुवादकांची जागा. कुणी इंग्रजीतून मराठीत करायचं काम टाकलं की अनुवादकांनी शब्दामागे दर सांगायचा. मोबाइलच्या सूचनापुस्तिका, औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्णांना द्यायची संमतिपत्रं, सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचे शब्द असं काम तिथे येऊ लागलं. त्या वेळी मराठी टंकलेखनाची अवस्था काय होती? पुण्याच्या पेठांमधल्या आणि मुंबईत दादर-गिरगावातल्या डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. एकाने पाठवलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसती गिचमिड. परदेशातलं गिऱ्हाईक मात्र युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच उमटणारी अक्षरं, मागत होतं. अशा वेळी ज्यांनी युनिकोड आणि इनस्क्रिप्टचा कळफलक चिकाटीने शिकून घेतला, त्यांना काम मिळालं. मराठी प्रकाशनव्यवसाय युनिकोडकडे रखडत रखडत गेला, पण घरी बसलेल्या या अनुवादकांना ते आधीच करावं लागलं होतं. मराठी संगणनाच्या इतिहासात त्यांची नोंद व्हायला हवी.

याच वर्षांत बाजाराची एक काळी बाजू गावोगावी पसरली. ‘घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, बसथांब्यांवर, सायबर कॅफेच्या काचेवर दिसायच्या. डेटा एंट्रीचं काम देतो, आधी अनामत भरा. माणूस हजारो रुपये भरायचा, महिनाभर पानंच्या पानं टाइप करायचा आणि शेवटी कळायचं की चुकांचं प्रमाण करारापेक्षा जास्त निघालं, म्हणून पैसे नाहीत. जिथे काम खरं असायचं, तिथेही मधला एक जण दहा बोल्या जिंकून ते काम दहा जणांना पाव दराने वाटायचा. खालच्या माणसाला गिऱ्हाइकाचं नावही कळायचं नाही आणि तारे मधल्याच्या खात्यात जमा व्हायचे. ज्या इंटरनेटमुळे दलाल संपणार होता, त्याने एक नवा दलाल घडवला.

आणि मग पैशांचा प्रश्न. काम इंटरनेटवरून जात होतं, पण मोबदला देशाच्या सीमेवर थांबत होता. बहुतेकांचा भरवसा पेपाल या इंटरनेटवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर. २०१०च्या फेब्रुवारीत पेपालने भारतातल्या खात्यांमधून बँकेत रक्कम काढणं अचानक थांबवलं. ज्यांचं घर त्या पैशांवर चालत होतं, त्यांचे हप्ते थकले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले: अशा मार्गाने येणारी निर्यातीची रक्कम एका व्यवहाराला ५०० डॉलरच्या वर असू नये, आणि आलेला पैसा खात्यात न ठेवता, त्यातून खरेदी न करता, थेट भारतातल्या बँकेत आणावा. मार्च २०११पासून हे लागू झालं. परकीय चलनाचा हिशेब ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं कामच आहे, त्याला कुणाची हरकत नसावी. पण ५०० डॉलरची मर्यादा घालणाऱ्यांच्या नजरेत बहुधा पेटीभर हस्तकलेच्या वस्तू विकणारा निर्यातदार होता. सहा महिने खपून सॉफ्टवेअर लिहिणारी साताऱ्याची मुलगी त्यांना दिसली नव्हती. ऑक्टोबर २०११मध्ये मर्यादा ३ हजार डॉलर झाली, २०१३मध्ये १० हजार. त्याच २०१३च्या ऑगस्टमध्ये रुपया डॉलरमागे ६८पर्यंत घसरला. देशाला घोर लागला असताना या छोट्या निर्यातदारांच्या घरी मात्र त्याच कामाचे जास्त रुपये आले.

करांच्या कायद्याने या माणसाला ओळखायलाही वेळ घेतला. आर्थिक वर्ष २०१६-१७पासून आयकराच्या ४४एडीए कलमाने ५० लाखांपर्यंत जमा असलेल्या ठरावीक व्यावसायिकांना निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय दिली, आणि वहीखात्यांच्या जाचातून अनेकांची सुटका झाली.

दरम्यान बाजारातली दुकानं एक होत होती. डिसेंबर २०१३मध्ये ईलान्स आणि ओडेस्क यांनी विलीनीकरण जाहीर केलं, २०१५मध्ये नवं नाव आलं अपवर्क, आणि ईलान्स हळूहळू बंद झालं. ऑक्टोबर २०१८मध्ये अपवर्क १५ डॉलर भावाने नॅसडॅकवर आली. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटने २०१७मध्ये अशा संकेतस्थळांवर राबणाऱ्यांची मोजणी केली तेव्हा जवळजवळ एक चतुर्थांश माणसं भारतातली निघाली. बांगलादेश दुसरा.

दुकान मोठं झालं तसा गल्ल्याचा हिशेब बदलला. अपवर्कवर आधी सरसकट १० टक्के कापले जायचे. २०१६मध्ये एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १० हजारांपर्यंत १० आणि त्यापुढे ५ टक्के अशी रचना आली, ती २०२३पर्यंत टिकली. ज्याची कामं छोटी, त्याच्या खिशाला मोठी कात्री. २०१९मध्ये बोली लावायलाच पैसे पडू लागले. बोलीसाठी लागणाऱ्या ‘कनेक्ट’ची किंमत प्रत्येकी १५ सेंट, आणि एका बोलीला असे अनेक. पुढे आपली बोली यादीत वर दिसावी म्हणून जास्तीचे कनेक्ट लावायची सोय झाली. म्हणजे कामासाठीच्या लिलावात जागा मिळवण्यासाठी दुसरा लिलाव, आणि दोन्हींत पैसे सोडणारा एकच. १९९९मध्ये कंपन्यांनी माणसासाठी बोली चढवायची होती. वीस वर्षांनी माणूस बोलीसाठी पैसे मोजत होता. बोल्यांची गर्दी आवरायला हे केलं, असं कंपनीचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण शंभरातल्या नव्याण्णव बोल्या वाया जाणार हे ठाऊक असताना त्या नव्याण्णवांकडून पैसे घेणं न्याय्य नाही.

मग दुसऱ्या चाकाचं, माणसांच्या संघटनेचं, काय झालं? श्रेणी कुणी बांधली? तुकड्या-तुकड्याने, आणि बहुतेक वेळा कामगारांच्याच बाजूने. प्रोझवर ‘ब्लू बोर्ड’ नावाची एक नोंदवही आहे. तिथे अनुवादक संस्थांना गुण देतात: या संस्थेबरोबर पुन्हा काम कराल का? पैसे थकवणारी संस्था तिथे उघडी पडते. काम घेण्याआधी ब्लू बोर्ड पाहणं ही अनुवादकांची सवय झाली. अमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या किरकोळ कामांच्या संकेतस्थळावर कवडीमोलाने राबणाऱ्यांसाठी लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी २००९च्या सुमारास टर्कॉप्टिकॉन हे साधन बनवलं. काम देणाऱ्यांना तारे देण्याची सोय संकेतस्थळाने केली नव्हती, ती या दोघांनी बाहेरून जोडली. २०१६मध्ये जर्मनीतल्या आयजी मेटल या बलाढ्य कामगार संघटनेने इंटरनेटवरून एकट्याने काम करणाऱ्यांनाही सभासदत्व खुलं केलं. न्यू यॉर्क शहरात फ्रीलान्सरांचे पैसे थकवण्याविरुद्धचा कायदा २०१७च्या मे महिन्यात लागू झाला. भारतात, जिथून सगळ्यांत जास्त बोल्या जातात, तिथे याच्या जवळपास जाईल असं फारसं काही झालेलं दिसत नाही. गिरणी कामगारांच्या, माथाडींच्या संघटनांचा इतिहास ज्या राज्याला आहे, तिथेही नाही. माथाडी कामगाराला मालक एक नाही, रोजचं ठिकाण एक नाही, तरी १९६९च्या कायद्याने महाराष्ट्राने त्याच्यासाठी मंडळं बसवली, भविष्य निर्वाह निधी दिला. विखुरलेल्या कामगाराला एकत्र बांधता येतं, हे या मातीत सिद्ध झालेलं आहे.

आता वेळही फार नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं. अपवर्कवरच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की त्यानंतरच्या काही महिन्यांतच लेखनाशी संबंधित कामं करणाऱ्यांची कामं सुमारे २ टक्क्यांनी आणि मासिक कमाई ५ टक्क्यांहून थोडी जास्त घटली. चांगलं काम करणारेही त्यातून सुटले नाहीत. पंधरा वर्षं जमवलेल्या ताऱ्यांनी त्यांचं रक्षण केलं नाही.

२०२० सालची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात लागू झाली आहे. तिच्यात ‘प्लॅटफॉर्म कामगार’ अशी व्याख्या आहे आणि मध्यस्थ कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी अशी तरतूद आहे. ही चर्चा आजवर टॅक्सी आणि जेवण पोहोचवणाऱ्यांभोवती फिरली, ते योग्यही आहे. पण संहितेच्या सातव्या अनुसूचीत व्यावसायिक सेवा देणाऱ्या आणि आशय व माध्यमांच्या सेवा देणाऱ्या मध्यस्थांचाही उल्लेख आहे. अनुवादक, डिझायनर, प्रोग्रामर, डेटा एंट्री करणारे याच खान्यांत बसतात. कॅलिफोर्निया आणि सिडनीतल्या कंपन्यांकडून हा वाटा वसूल व्हावा, ही मागणी त्यांनी सरकारकडे करायला हवी, आणि ती एकेकट्याने करून भागणार नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात असे शेकडो लोक एकाच गल्लीत राहून एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांनी आधी एकमेकांचा दर विचारावा.